शेवटच्या धारा

मोठ्या घरच्या थोरल्या बाईसाहेबांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. आमच्या गावात ही गोष्ट उलटी सांगतात, म्हणून पहिल्याच ओळीत सुलटी लिहून ठेवते.

फसवलं ते माझ्या अंगावरच्या दुधात. हे ऐकलं की बायका तोंडाला पदर लावतात आणि पुरुष उठून जातात. जाऊ देत. मी शेळ्यांची खरेदी-विक्री करणारी बाई आहे, दुधाबद्दल बोलायची मला लाज नाही. घाटनांदूरच्या बाजारात पुरुष माणसं उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. बाईच्या हाताला हात कसा लावायचा, म्हणून सुरुवातीला मला कुणी सौद्यात घेईना. मी म्हटलं, हात राहू द्या, तोंडानं बोला. तेव्हापासून माझे सौदे चारचौघांत, मोठ्या आवाजात होतात. ते पुष्कळांना आवडत नाही. लिहा-वाचायला मी उशिरा शिकले, तेसुद्धा दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्यावर विश्वास ठेवायला नको म्हणून.

माझं माहेर शिरूर कासारकडचं. शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणारी माणसं आम्ही. सासर घाटनांदूरच्या अलीकडच्या एका गावात, नवराही तेच काम करणारा. सासू माझ्या लग्नाआधीच वारली होती. पहिलटकरीण म्हणून मी बाळंतपणाला माहेरी जायची, पण त्या साली तिकडे चारा नव्हता. आईबाप कळप घेऊन गोदाकाठाला उतरले होते आणि आज कुठल्या शिवारात असतील ते कुणाला सांगता येत नव्हतं. नवराही आमची मेंढरं घेऊन त्याच वाटेनं निघाला.

जाताना म्हणाला, "सुईणीला सांगितलंय. दोन शेळ्या ठिवतो तुला."

"दोनीबी दुभत्या ठिवा," मी म्हटलं.

एक दुभती आणि एक गाभण ठेवून गेला. नवऱ्याशी केलेल्या सौद्यातसुद्धा मला नेहमी निम्मंच मिळालं.

पोटुशी असताना शेजारच्या बायकांनी मला शिकवलं की कमी खावं. पोर पोटात लहान राहतं आणि सुटका लवकर होते. मी माहेरी इतक्या शेळ्या व्यालेल्या पाहिल्या, पण गाभण शेळीपुढची वैरण कुणी काढून घेतलेली पाहिली नाही. मी मिळेल ते खाल्लं. भाकरी, जवसाची चटणी, दुभत्या शेळीचं दूध, आणि कुणी बघत नसेल तेव्हा चुलीची भाजलेली माती. मातीबद्दल सुईण ओरडली, ते बरोबर होतं. खाण्याबद्दल ओरडली, ते मी ऐकलं नाही.

पोरगी भर दुपारी झाली. आढ्याला दोर बांधलेला होता, तो धरून मी उकिडवी बसले होते आणि सुईण मागून कंबर दाबत होती. तिचा आवाज बाजारात हाळी देणाऱ्या माणसासारखा होता. "ओरडू नको, जोर दे. ओरडून पोर भाईर येत न्हाई." पोरगी आल्यावर तिनंच नाळ कापली, तिला धुतलं, माझं पोट फडक्यानं आवळून बांधलं, आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. सगळं नीट केलं. मग माझ्या छातीशी हात नेत म्हणाली,

"आता हे पिवळं दूध पिळून भिताडावर मार. तीन दिस पोरीला बोळा."

बोळा म्हणजे कापसाची नाहीतर मऊ चिंधीची वात. गुळाच्या पाण्यात बुडवून ती पोराच्या तोंडात देतात. बाजारात मला कुणी फसवायला बघितलं तर मी म्हणते, "बोळ्यानं दूध पिती का मी?" तोच हा बोळा.

"कावून पिळायचं?" मी विचारलं.

"चीक जड असतोय. पोराला पचत न्हाई."

"करडाला पचतोय की. चीक न्हाई मिळाला तर करडू मरतंय."

"तू काय शेळी हायस का?"

"शेळी समजा मला. पर पोरीला पाजू द्या."

तिनं दोन्ही हात वर केले आणि काही झालं तर तिच्यावर येता कामा नये असं मोठ्यानं म्हणाली, शेजारणीला ऐकू जाईल असं. मी पोरीला छातीशी घेतलं. तिनं चीक पचवला आणि झोपली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला दूध असं उतरलं की चोळी भिजून वाळायची आणि वाळून भिजायची.

त्याच आठवड्यात मोठ्या घरी धाकट्या बाईसाहेब बाळंत झाल्या. गावातली निम्मी जमीन त्या घरची, विहिरी त्यांच्या, बांध त्यांचे. मुलगा झाला म्हणून गूळ वाटला. त्यांच्या बाळंतपणाला तीच सुईण होती, आणि तिथं तिचं ऐकणारं माणूस होतं. थोरल्या बाईसाहेबांनी रीतीप्रमाणे सगळं करून घेतलं. सुनेचं पहिलं दूध पिळून टाकलं, नातवाला तीन दिवस मध-गुळाचा बोळा. चौथ्या दिवशी पोर छातीला लावलं तर सुनेचं दूध साकळलेलं, छाती दगडासारखी, हात लावू देईना. मग ताप आला. मग एका बाजूचं थान पिकलं. मोमिनाबादेहून बैलांच्या दमणीत बसवून हकीम आणला. त्यानं पडद्याआडून नाडी पाहिली, पोटीस बांधायला सांगितलं आणि पोराला त्या दुधापासून दूर ठेवा म्हणाला. शेळीचं दूध दिलं तर पोर ओकायचं.

तेव्हा सुईण माझ्याकडे आली. बसली नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "चल. मोठ्या घरी बलावलंय."

"मला सोयर हाय."

"त्यास्नीबी हायच की. सोयराला सोयराचा काय इटाळ? चल, चोळी वाया घालवू नको."

बाळंतिणीच्या खोलीत धुरी इतकी होती की डोळे चुरचुरले. धाकट्या बाईसाहेब बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माझ्याच वयाच्या, नाजूक. थोरल्या बाईसाहेब पाटावर, नातू मांडीवर. तो रडत नव्हता, नुसता ओठ हलवत होता. रडायची ताकद नव्हती त्याला. मी खोटं सांगत नाही, त्याच्याकडे बघून माझा पान्हा फुटला. ते थोरल्या बाईसाहेबांनी पाहिलं.

"पोरगी पोटभर पितीय का गं?" त्या म्हणाल्या.

"पितीय."

"आन् उरतंय?"

हा प्रश्न मला ठाऊक होता. शेळी बघायला आलेलं गिऱ्हाईक असंच, सहज म्हणून विचारतं. "उरायचं ते खाण्यावर हाय, बाईसाब."

त्या हसल्या. "धनगराची खरी हायस. बोल, काय पायजे?"

मी मागितलं. धाकट्या बाईसाहेबांना जे खायला मिळेल तेच मला, त्याच डब्यातलं: डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, अळिवाची खीर, तूप. पोराचं उष्टावण होईपर्यंत. माझ्या शेळ्यांना त्यांच्या बांधावर चरू द्यायचं. दिवसभर मी तिथं राहीन, माझी पोरगी माझ्याजवळ असेल. थोरल्या बाईसाहेब प्रत्येक गोष्टीला थोडी ओढाताण करून कबूल झाल्या. लाडवाच्या आकारावरूनसुद्धा घासाघीस केली. मग मी शेवटची अट घातली.

"आधी माझी पोरगी पिनार. मग तुमचा नातू."

सुईणीनं मला मागून चिमटा काढला. मला वाटलं होतं की आता आवाज चढेल. मोठ्या घरचा मुलगा माझ्या मुलीचं उष्टं पिणार होता. पण थोरल्या बाईसाहेबांनी नातवाच्या तोंडावरची माशी हाकलली आणि म्हणाल्या, "कबूल."

एवढ्या लवकर त्या आधी कशालाच कबूल म्हणाल्या नव्हत्या. आज समोरचं माणूस असं पटकन कबूल म्हणालं तर मी सौदाच मोडते. तेव्हा मी ओली बाळंतीण होते, आणि जिंकले असं वाटलं. जिंकलेलं पक्कं करायचं म्हणून मी आणखी ओढलं.

"दोनी अंगाला. डाव्याला आधी तीच, उजव्यालाबी आधी तीच."

"दोनी अंगाला," त्या म्हणाल्या. "सुईणबाई, तू साक्षीला हायस. हिनं मागितलं, आमी दिलं."

असं सुरू झालं. सकाळी मी पोरीला घेऊन जायची, दिवे लागायच्या आत परत यायची. दर पाजण्याला थोरल्या बाईसाहेब स्वतः शेजारी बसायच्या. मी आधी माझी पोरगी घ्यायची. पान्हा जोरात असायचा, तिला ठसका लागायचा. पहिली तहान भागली की ती सावकाश व्हायची, डोळे मिटायचे, मधूनच एखादा घोट घ्यायची. लगेच थोरल्या बाईसाहेब म्हणायच्या, "झालं तिचं." तिला उचलून दुसऱ्या अंगाला लावायच्या. तिथंही तसंच. मग नातू. तो दोन्ही बाजूंनी निवांत पीत राहायचा, झोपेपर्यंत. त्याला कुणी "झालं" म्हणायचं नाही. त्याच्या ओठांच्या कडेला राहिलेलं दूध सायीसारखं असायचं. ते मी रोज माझ्या पदरानं पुसायची.

खाण्यात मात्र त्यांनी खोट केली नाही. ठरल्याप्रमाणे, ठरलेल्या आकाराचा लाडू यायचा. माझं अंग भरलं. नातू तर असा भरला की त्याच्या मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडल्या. आणि माझी पोरगी वाळायला लागली.

तिला हिरवी, फेसाळ शी व्हायची. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. पिऊन झालं की थोड्या वेळात पुन्हा भुकेली. मांड्यांची कातडी सैल पडली, चेहरा म्हातारीसारखा झाला. सुईणीनं वेखंड, जायफळ, मुरडशेंग उगाळून घुटी दिली. मग दृष्ट काढली. मग म्हणाली, तू तिखट खातेस. मी मिरची सोडली. मोठ्या घरून येताना बायका ओट्यावरून म्हणायच्या, "आई फुगतीया आन् लेक सुकतीया." एक तर म्हणाली, "सगळं सत्त्व सोताच्याच अंगाला लावून घेती का गं?" मी तिच्या ओट्यावर चढून तिला काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण रात्री पोरीच्या बरगड्यांवरून हात फिरवताना मला त्याच बोलण्याची भीती वाटायची. मी तळहातावर दूध पिळून पाहिलं. पहिले थेंब पाण्यासारखे, निळसर. मला वाटलं, माझं दूधच असं आहे. माझी मुलगी माझ्या दुधानं मरणार.

मोठ्या घरी कुणी म्हणालं नाही की ही पोर कशी दिसते आहे. थोरल्या बाईसाहेब रोज तिला उचलत होत्या. हाताला वजन कळत नाही का?

नवऱ्यानं ठेवलेली गाभण शेळी एव्हाना व्याली होती. तिचं दूध मी शेजारच्या एका घरी विकायची. एक दिवस मोठ्या घरी जायच्या आधी धार काढत होते. आमच्या माहेरी लहानपणापासून आम्ही एक करत आलो: आधीच्या धारा गिऱ्हाइकाच्या लोट्यात, आणि कास सैल झाली की भांडं बदलायचं. शेवटच्या धारा दाट असतात, सगळं लोणी त्यात असतं. त्या घरात ठेवायच्या. सगळेच करतात. गिऱ्हाइकाला माप मिळालं की तो खूश असतो. त्या दिवशीही माझ्या हातानं आपोआप भांडं बदललं. आणि मी तशीच थांबले.

लोटा आणि वाटी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. लोट्यातलं दूध निळसर होतं. वाटीतलं पिवळट, कडेला चिकटणारं. मी पोरीला उचललं, तिला न पाजता नुसतीच पिळत राहिले. माझ्याही पहिल्या धारा लोट्यातल्यासारख्याच होत्या. पिळत राहिले, पिळत राहिले, आणि शेवटी शेवटी जे आलं ते वाटीतल्यासारखं.

म्हणजे मी स्वतःच्या पोरीला गिऱ्हाईक केलं होतं. आणि मी हे मागून घेतलं होतं, दोन्ही अंगाला.

पण मला कळलं नाही ही एक गोष्ट, आणि त्यांना कळलं होतं ही दुसरी. मोठ्या घरच्या गोठ्यात गडी म्हशी पिळायचा तेव्हा थोरल्या बाईसाहेब समोर उभ्या राहायच्या. मी स्वतः ऐकलं होतं, एकदा नाही, रोज: "शेवटाचं माझ्या लेकाच्या गडव्यात काढ रे." आपल्या कर्त्या मुलाला ज्या बाईनं आयुष्यभर शेवटच्या धारा पाजल्या, तिनं माझ्या तोंडून "आधी" ऐकलं आणि माशी हाकलत कबूल म्हणाली.

शेळी अर्धी पिळलेली तशीच सोडली आणि पोरीला काखेत घेऊन गेले. थोरल्या बाईसाहेब सैपाकघरात तुपात डिंक तळत होत्या. माझ्याच लाडवांचा असेल.

मी म्हटलं, "आजपासनं आधी तुमचा नातू पिईल. शेवटाला माझी पोरगी."

त्यांनी झाऱ्यानं डिंक हलवला. "बोलणं काय झालतं?"

"आधी माझं."

"मागितलं कुणी?"

"मी."

"मग?"

"तुमाला ठावं होतं आधीचं पातळ असतंय म्हनून. माझी पोरगी बगा. ह्या हातानं रोज उचलता तिला. बगा की!"

तेव्हा त्यांनी मान वर केली. माझ्या पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाल्या, "तुला शेरडाचं येवढं कळतंय, तर आधी कावून मागितलंस?"

हे त्या बोलल्या. याच शब्दांत. आणि मधल्या दारात धाकट्या बाईसाहेब उभ्या होत्या. ताप जाऊन त्या हिंडू-फिरू लागल्या होत्या, मुलगा खांद्यावर होता. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्या पोरीकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडावर पदर ओढला आणि आत गेल्या.

मी तिथंच उंबऱ्याशी बसले आणि पोरीला घेतलं. एका अंगाला ती आपणहून सोडेपर्यंत पाजलं. मग तिला त्याच अंगाला पुन्हा लावलं. आतून नातू रडायला लागला.

"त्याला पाज," थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या.

"हिचं झालं की."

"झालं तिचं. झोपली ती."

"झोपंत पितीय. त्याच्यात लोणी असतंय."

"नातू रडतोय माझा!"

"मग त्याला राहिल्यालं देती. मागचं चांगलं असतंय, तुमाला ठावंच हाय."

त्या उठल्या. झारा हातात होता, पण मारला नाही, त्या तसल्या नव्हत्या. गड्याला हाक मारली आणि म्हणाल्या, "हिला वाट दाव. उद्यापासनं हिचं काम न्हाई." मी म्हटलं, मला वाट ठाऊक आहे, आलेली आहे इतके दिवस. दुपारपर्यंत माझ्या शेळ्या त्यांच्या बांधावरून हाकलल्या गेल्या. त्यांनी पाहुण्यांतली एक बाई आणवली, तिचं मूल दात आलेलं होतं. नातू तिच्यावर वाढला. वाढला म्हणण्यापेक्षा मी वाढवलेला टिकला.

मी भाकरी, लसणाची चटणी, जवस यावर आले. लाडू नाही, तूप नाही. आणि पोरगी भरायला लागली. आधी शी पिवळी झाली. मग झोप लागायला लागली. मग एक दिवस तिच्या मांडीला पहिली वळी पडलेली दिसली, ती मी शेजारणीला घरात बोलावून दाखवली. नवरा कळप घेऊन परत आला तोवर ती हसायला शिकली होती. त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाला, "ही तुझ्यावर गेलीया. काय घेतल्याबिगर सोडाची न्हाई."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मोठ्या घराला दूध पाजणारी बाई का बदलली, ते गावाला सांगायला काहीतरी हवं होतं. थोरल्या बाईसाहेब हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना म्हणाल्या, "धनगरणीचं दूध पातळ. नातवाला पचंना, म्हनून बंद केलं." त्याच बायकांनी माझी पोरगी वाळलेली पाहिली होती. त्यांना ते पटलं. तिथून मी "पातळ दुधाची" झाले.

माझा धंदा वाढला तसं ते नाव माझ्यासोबत वाढलं. मी एकटीनं कळप उभा केला, बाजारात माझ्या शेळीला दोन बोली जास्त लागतात, तरी मागून कुणीतरी म्हणतंच. एकदा एक जण शेळीची कास चाचपत म्हणाला, "मालकिणीवानी पातळ तर न्हाई ना, बे?" आणि सगळे हसले. मी त्याच शेळीचं नुकतं काढलेलं दूध त्याच्या फेट्यावर ओतलं आणि म्हटलं, "बग चाटून." त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण नाव राहिलं. मी लोकांना विचारायची, पचत नव्हतं तर त्या नातवाच्या मनगटाला वळ्या कशाच्या पडल्या होत्या? यावर लोक म्हणायचे, मोठ्या घरचं अन्न. पोरानं काय पोळ्या खाल्ल्या होत्या का पाळण्यात?

थोरल्या बाईसाहेब वारल्या. त्यांच्या मातीला मी गेले नाही.

हे सगळं मी गिळून बसले असते. बाजारात मला काय म्हणतात यानं माझी शेळी विकायची थांबत नाही. पण माझी तीच लेक आता धर्मापुरीला दिलेली आहे आणि तिला सातवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून मी बैलगाडी घेऊन, खण-नारळ घेऊन तिला आणायला गेले. विहीणबाईंनी पाणी दिलं, बसायला घोंगडं दिलं, आणि म्हणाल्या, "लेकीला काय पाठवत न्हाई आमी."

"कावून?"

"बाळतपण हितंच करू. राग धरू नका, पर तुमच्याकडलं दूध पातळ. आईचं तसं लेकीचं. तिकडं न्हेलं तर तुमी अंगावरच पाजायला लावाल. आमी शेळी बांदून ठिवलीया. पहिल्या दिसापासनं बोळा आन् शेळीचं."

"कुणी सांगितलं माझं दूध पातळ म्हनून?"

"आमच्या गावच्या लेकी तुमच्या गावात दिल्याल्या हायेत की."

आमच्या गावात दिलेल्या त्यांच्या गावच्या लेकींत एक मोठ्या घरच्या धाकट्या बाईसाहेब आहेत. त्यांचं माहेर धर्मापुरीचं, आणि विहीणबाईंच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

मी ती बांधलेली शेळी पाहिली. विकणाऱ्यानं धार न काढता कास तुंबवून दाखवली होती. चार दिवसांत आटेल. तीही त्यांच्या गळ्यात फसवूनच मारलेली. मी सांगितलं तर विहीणबाई म्हणाल्या, "तुमचा धंदाच हाय त्यो, तुमी असंच म्हननार." लेक दारात उभी होती. सासूच्या तोंडावर तिला बोलता येत नव्हतं. गाडीपर्यंत आली तेव्हा हळूच म्हणाली, "आई, खरंच माझं पातळ आसंल का गं?"

हा प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला होता, तळहातावर दूध घेऊन. तो माझ्या लेकीनं विचारावा हे मला सहन होणार नाही. आणि तिच्या मुलाला आटलेल्या शेळीवर आणि गुळाच्या बोळ्यावर ठेवलं तर काय होतं ते मी मोठ्या घरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं त्या मुलाला माझी छाती होती. हिच्या मुलाला कुणाची असेल?

तालुक्याच्या कचेरीत जाऊन दाद मागावी तर मुन्शी हसेल, असल्या गोष्टीला अर्ज नसतो. सुईण आता बहिरी झाली आहे आणि तिला फक्त "हिनं मागितलं, आमी दिलं" एवढंच आठवतं. मी मोठ्या घरी गेले. आता तिथं धाकट्या बाईसाहेबच थोरल्या आहेत. गड्यानं सांगितलं, पूजेला बसल्यात. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही पूजेला बसल्या होत्या. म्हणून हे लिहिलं. गड्याच्या हातून आत गेलं नाही तरी चावडीवर वाचलं जाईल, मी स्वतः वाचीन.

बाईसाहेब, तुमच्या सासूबाई गेल्या, त्यांना आता मी काय विचारू. तुम्हाला विचारते. त्या दिवशी मधल्या दारात तुम्ही उभ्या होता. "तुला येवढं कळतंय, तर आधी कावून मागितलंस?" हे तुम्ही ऐकलं की नाही? तुमचा मुलगा शेवटचं पीत होता आणि माझी मुलगी पहिलं, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं, की आधीपासून ठाऊक होतं? आणि दूध पातळ म्हणून बंद केलं, हे माहेरी जाऊन तुम्ही सांगितलं, की दुसऱ्या कुणी? मी तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. धर्मापुरीला जा. माझ्या विहीणबाईंसमोर बसा आणि माझ्या लेकीला ऐकू येईल असं सांगा की तुमच्या मुलाच्या अंगावर जे चढलं ते कुणाचं होतं.

आठव्यात पोटुशीला गाडीत बसवत नाहीत. सातवा सरायच्या आत उत्तर द्या.